लेखकाचे शब्द आले कुठून

शब्दसंग्रह वाढवायचा तर कोश चाळावा, थोरांची पुस्तके वाचावीत, नवे शब्द वहीत टिपावेत, असे लिहू लागलेल्या माणसाला नेहमी सांगितले जाते. स्फूर्तीविषयी मात्र कोणी काही सांगत नाही. ती यायची तेव्हा येते, असेच सगळे धरून चालतात. शब्द कष्टाने मिळतात आणि स्फूर्ती दैवाने, अशी या दोन गोष्टींची आपण वाटणी करून टाकली आहे. मराठी लेखनाच्या सातशे वर्षांच्या इतिहासात ही वाटणी कुठे टिकत नाही. लेखकाला नवे शब्द जिथून मिळाले तिथूनच त्याला विषयही मिळाला, असे पुन्हा पुन्हा दिसते. आणि ती जागा बहुतेक वेळा माणसांच्या कामाधंद्याची असते: कचेरी, शेत, बाजार, गिरणी, जंगल. कोश त्या जागांची नोंद नंतर ठेवतो. तेव्हा पोटासाठी लिहिणाऱ्याने किंवा नेमाने लिहिणाऱ्याने शब्दांसाठी कुठे जावे, हा प्रश्न शैलीपुरता राहत नाही. त्याने कशाविषयी लिहावे, या प्रश्नाचेही उत्तर त्यातच असते.

पहिला पुरावा मराठी गद्याच्या आरंभीचाच आहे. म्हाइंभट हे शास्त्रात मुरलेले पंडित. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे चरित्र लिहायचे ठरले, तेव्हा संस्कृतातले सगळे अलंकार आणि चरित्राचे तयार साचे त्यांच्या हाताशी होते. त्यांनी ते बाजूला ठेवले. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे ते गेले, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्या तोंडून ऐकले, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले आणि मग लिहिले. सन १२७८च्या सुमाराचे ‘लीळाचरित्र’ हे असे पायपिटीतून उभे राहिलेले पुस्तक आहे. त्यात जेवणाखाण्याचे पदार्थ, भांडीकुंडी, बाजारहाट, वाटसरूंची बोलणी, रुसवेफुगवे हे सारे त्या काळच्या बोलण्यातल्या शब्दांत येते, कारण सांगणारी माणसे तसेच बोलत होती. म्हाइंभटांनी आधी शब्द जमवले आणि मग ते चरित्रात बसवले, असे झालेले नाही. माणसे आठवण सांगत होती, तिच्याबरोबर शब्द येत होते. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी स्मरणातून तिचे वेगवेगळे पाठ सिद्ध केले. बोलण्यातून आलेला ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा राहू शकला, यात त्याच्या भाषेचाही वाटा असणार असे मला वाटते.

एकनाथांचे उदाहरण याहून बोलके, कारण तिथे एकाच लेखकाजवळ दोन-तीन वेगवेगळे शब्दसंग्रह आहेत. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. निजामशाहीतला मोठा किल्ला, तिथला कारभार, तिथली फारसीमिश्रित दप्तराची भाषा. नाथांनी गुरूंच्या घरी हिशेबाचे काम केले, आणि एका पैची चूक सापडेपर्यंत रात्रभर जागले, ही कथा परंपरा सांगते. कथा बाजूला ठेवली तरी कचेरीची भाषा त्यांच्या कानात पक्की बसली होती, हे त्यांच्या ‘अर्जदस्त’सारख्या रचनेवरून स्पष्ट दिसते. सरकारात गुदरायचा अर्ज हाच तिथे परमार्थाचा घाट होतो; देह हा परगणा, विकार हे त्यातले अंमलदार, आणि जीव धन्याकडे दाद मागतो. हा विषय अर्जाच्या भाषेशिवाय सुचलाच नसता. भारुडांचेही तसेच. वासुदेव, जोशी, भुत्या, गारुडी, जोहार घालणारा महार ही पैठणच्या रस्त्यात रोज भेटणारी माणसे, आणि प्रत्येकाची हाळी वेगळी. त्या हाळीतून भारुड निघाले. दुसरीकडे १५७३ साली काशीत पूर्ण झालेले ‘एकनाथी भागवत’ पाहावे: तिथली शब्दकळा ग्रंथांतली, आणि विषयही ग्रंथातला. पुढे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीचे शब्दही त्यांनी डोळ्यांखालून घातले. इतके शब्द जवळ असलेल्या माणसाने कुठले शब्द कुठे वापरले, हे पाहिले की शब्द आणि विषय एकाच घरातून येतात हे ध्यानात येते.

यावर पहिला आक्षेप मोरोपंतांचे नाव घेऊन येईल, आणि तो वजनदार आहे. बारामतीच्या नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या या कवीचा शब्दसंग्रह मराठीत क्वचितच कुणाचा असेल, आणि तो जवळजवळ सगळा वाचनातून आला होता. मग कोशातून आणि ग्रंथांतून मिळालेले शब्द कमी प्रतीचे कसे म्हणता येतील? तसे मी म्हणत नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच की पंतांचे शब्द महाभारतातून आले आणि विषयही महाभारतातूनच आला. त्यांनी रामायणे लिहिली ती परंपरेने एकशे आठ मानली जातात. त्यांतल्या कित्येकांचे वैशिष्ट्य कथेत नाही, अक्षरांच्या नियमांत आहे. ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून लिहिलेले निरोष्ठ रामायण हे त्यातले एक. शब्द फक्त ग्रंथांतून येत राहिले की लेखकाची स्फूर्तीही हळूहळू शब्दांशीच खेळू लागते, याचा हा उत्तम नमुना. ‘केकावली’ त्याला अपवाद आहे. तिथे कवी स्वतःच्या म्हातारपणाच्या कळवळ्याने बोलतो आणि त्याचे तेच संस्कृत शब्द वेगळ्या कारणासाठी राबतात. म्हणजे ग्रंथातला शब्दही जिवंत होऊ शकतो, पण त्याला ग्रंथाबाहेरचे काही निमित्त लागते.

दुसरा आक्षेप गोव्याकडून येतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट साष्टीत राहिला, मराठी शिकला आणि त्याने लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. विषय बायबलचा, शब्द साष्टीतले आणि मराठी पुराणांतले. इथे तर शब्द एका दिशेने आले आणि विषय दुसऱ्या दिशेने. पण हे पुस्तक लिहावे असे त्याला का वाटले, ते त्यातच सांगितलेले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती; ऐकायला तशा घाटाचे नवे काही हवे, ही मागणी ऐकणाऱ्यांतून आली. ओवी, पुराणाची चाल, देवळातल्या श्रवणाची सवय हे सारे त्या लोकांचे होते. कथा परकी असली तरी ती सांगण्याची प्रेरणा ज्या ओसरीवर जन्मली, तिथलीच भाषा तिला मिळाली.

शब्द हुकमाने बदलता येतात का, याचा पहिला मोठा प्रयोग शिवकाळात झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत, आणि कारभारातल्या सुमारे चौदाशे फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. स्वराज्याची मुद्रा संस्कृतात आणि कारभाराची भाषा आपली असावी, या राजकीय इच्छेचे मोल फार मोठे आहे. अष्टप्रधानांची पदनामे बदलली, काही शब्द रुजले. पण पुढच्या शंभर वर्षांतले पेशवे दप्तराचे कागद पाहिले तर फडणीस, पागा, जमाखर्च, वसूल, कमाविसदार हेच शब्द त्यांत नांदताना दिसतात. कारकून ज्या भाषेत हिशेब शिकला त्याच भाषेत तो हिशेब मांडत राहिला. आणि मराठी गद्याला ज्या बखरींनी आकार दिला त्यांचा जोर याच दप्तरी भाषेत आहे. पानिपताची बखर लिहिणाऱ्याला आपल्या शब्दांसाठी राजव्यवहारकोश उघडावा लागला नाही. तो त्या भाषेतच नोकरी करत होता.

एकोणिसाव्या शतकात गोष्ट आणखी स्पष्ट होते, कारण कोश आता सरकारी खर्चाने आणि पद्धतशीर होऊ लागले. १८२९ साली शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला, आणि १८३१ साली जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या मदतीने झालेल्या या पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार शब्द होते. प्रकृती बिघडल्यामुळे विलायतेला गेलेले मोल्सवर्थ काही वर्षांनी परतले आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात पोहोचले. हा कोश आजही उघडला की आश्चर्य वाटते ते त्याच्या मोकळेपणाचे. म्हणी आहेत, शिव्या आहेत, बायकांच्या बोलण्यातले शब्द आहेत, शेतीच्या अवजारांचे भाग आहेत, आणि कोकणातला शब्द असेल तर तशी खूण आहे. शिष्टांनी जे शब्द कागदावर येऊ दिले नसते तेही त्यात आले, कारण कोशाचा हेतू राज्य करणाऱ्यांना रयतेचे बोलणे कळावे हा होता. हेतू साम्राज्याचा, पण त्यामुळे कान रयतेकडे लागला. आज आपण तो कोश एखाद्या जुन्या साहित्यग्रंथासारखा वाचतो, याचे कारण तेच.

पण मोल्सवर्थमुळे मराठी लेखक घडले काय? बाबा पदमनजी यांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप त्यांनी केला आणि तो १८६३ साली निघाला. म्हणजे हा कोश पानापानाने ज्यांनी हाताळला अशा मोजक्या मराठी माणसांत ते होते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ त्यांनीच लिहिली, पण तिचे साल १८५७, संक्षेपाच्या आधीचे. आणि ती विधवांच्या हालांविषयी आहे. गावोगावच्या घरांत ऐकू येणाऱ्या कहाण्यांवर ती उभी आहे. कोश करणाऱ्याची कादंबरीसुद्धा कोशातून आली नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि जोतीराव फुले यांच्यातला वाद आपण सामाजिक म्हणून वाचतो. तो शब्दांचाही वाद आहे. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’ने मराठी गद्याला वजन, लय आणि वादविवादाची ताकद दिली, हे कोणी नाकारू नये. चिपळूणकरांनी मेकॉले, जॉन्सन, अॅडिसन वाचले, संस्कृत मुरवले, आणि त्या वाचनातून वाक्य घडवले. विषयही तिथूनच आले: भाषा, इतिहास, वक्तृत्व, विद्वत्त्व. फुल्यांच्या लेखनातले व्याकरणाचे दोष त्यांनी कठोरपणे दाखवले, आणि ते दोष तिथे आहेत. पण फुले बांधकामाची कंत्राटे घेत होते, भाजीपाल्याच्या व्यापारात होते, मजुरांत वावरत होते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या घराचे, गोठ्याचे, भांड्यांचे, खाण्याचे आणि कर्जाचे जे वर्णन येते तसे त्या काळच्या कुठल्याही शुद्ध मराठी निबंधात नाही. नसणारच, त्या घरातल्या वस्तूंची नावे निबंधकारांपाशी नव्हती आणि म्हणून ते घर त्यांना विषय म्हणून दिसले नाही. व्याकरण सुधारून हे अंतर भरून निघाले नसते. भाषेच्या सौष्ठवापेक्षा तिची पोच मोठी, असा निवाडा इथे करावा लागतो, आणि मी तो फुल्यांच्या बाजूने करतो.

याच वाटेवरचे एक पुस्तक आहे, ज्याला साहित्याच्या इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही: त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गांव-गाडा’, १९१५. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. जमाबंदीच्या निमित्ताने गावोगाव मुक्काम, चावडीवर बसणे, पाटील-कुलकर्ण्यांचे कागद तपासणे, बलुत्याच्या तक्रारी ऐकणे हे त्यांचे रोजचे काम. त्यातून हे पुस्तक झाले. वतन म्हणजे काय, बारा बलुत्यांच्या तीन ओळी कशा लागतात आणि कोणाला खळ्यावर किती मिळते, कोण कोणत्या सणाला काय मागायला येतो, फिरस्त्यांच्या जमाती गावाकडून काय काय उकळतात, दुकानदार माप कसे घालतो, हे ते एकेका हक्काच्या, एकेका मागणीच्या खऱ्या नावाने सांगतात. त्यांची मते सगळी मान्य होण्याजोगी नाहीत. भटक्या जमातींविषयीची त्यांची दृष्टी सरकारी अंमलदाराची आहे आणि ती आज खटकते. पण गावाचा आर्थिक गाडा कसा ओढला जातो, हा विषय मराठीत त्यांच्याआधी एवढ्या बारकाईने कोणी घेतला नव्हता. घेणार तरी कसा? गावच्या देण्याघेण्याचे हिशेब ज्यांना नावानिशी माहीत होते ते लिहीत नव्हते, आणि लिहिणाऱ्यांना ती नावे ठाऊक नव्हती. आत्र्यांच्या बाबतीत नोकरीने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. लेखकाची नोकरी त्याच्या लेखनाच्या आड येते, ही तक्रार आपण फार ऐकतो. ‘गांव-गाडा’ हा त्या तक्रारीवरचा भक्कम प्रतिपुरावा आहे; हे पुस्तक नोकरी सोडून लिहिता आले नसते.

आता तो आक्षेप, जो या सगळ्या मांडणीला सर्वांत जड जातो: घडवलेले शब्द रुजतात. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले म्हणून सांगितले जाणारे दिनांक, क्रमांक, महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा हे शब्द आज कोणालाही घडीव वाटत नाहीत. माधव जूलियन तर याहून विलक्षण: फारसीचे प्राध्यापक, १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ करणारे, मराठीत गझल रुजवणारे, आणि पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द आणावेत असे सांगणारे. तेव्हा शब्द खोलीत बसूनही मिळतात, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र कोणते शब्द टिकले ते नीट पाहावे. बोलपट नवा होता, त्याच्या दिग्दर्शकाला रस्त्यावरच्या माणसाने नाव दिलेले नव्हते. शहराच्या महापौराचेही तसेच. जिथे जागा रिकामी होती तिथे घडीव शब्द बसला. जिथे कामकरी माणसाचा शब्द आधीच होता तिथे तो हलला नाही: वकील, दुकान, कागद, जमीन, पगार जागच्या जागी राहिले. १९६२ सालचा सरकारी ‘पदनामकोश’ आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनामकोश’ म्हटले; त्यातलीही कित्येक पदनामे पुढे कचेऱ्यांच्या पाट्यांवर स्थिरावली, कारण पाटीला नाव हवेच होते. राज्यकारभाराला अशा शब्दांची गरज असते आणि ती भागवणे हे मोलाचे काम आहे. लेखकाला मात्र त्यातून विषय क्वचितच मिळतो. हुतात्मा हा त्यांतला अपवाद म्हणावा लागेल, आणि तो शब्द मोठा झाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर माणसे पडली तेव्हा.

कोशकारांनाही हे उमगलेले होते. डॉ. केतकरांच्या ‘ज्ञानकोशा’त तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हाती घेतला, आणि १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले. त्याची संक्षेपांची यादी हा माझ्या मते मराठी लेखनाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा कागद आहे. वऱ्हाडी, नागपुरी, खानदेशी, कुडाळी, गोमंतकी, चित्पावनी, राजापुरी, बेळगावी अशा बोलींच्या खुणा, आणि त्यांच्याबरोबर सुतारी, सोनारी, कुंभारी, चांभारी, विणकाम, नाविक अशा धंद्यांच्या. मराठी शब्द राहतो कुठे, त्याचा हा पत्ता आहे. हे काम कुठल्या विद्यापीठाच्या जोरावर झाले नाही. वर्गणीदार आणि शब्द कळवणारी माणसे यांच्यावर ते उभे राहिले. लेखकाने हा कोश जरूर चाळावा, पण शब्दाच्या अर्थाइतकेच कंसातल्या खुणेकडे लक्ष द्यावे. विणकाम ही खूण दिसली तर तो शब्द वापरण्यापूर्वी माग पाहून यावे.

स्वातंत्र्यानंतरच्या मराठी साहित्यात या पत्त्यांवरून एकेक लेखक आला. १९५२ साली श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ दापोलीकडचे कोकण घेऊन आली. त्याच वर्षी बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने निघाली. त्या लिहू-वाचू शकत नव्हत्या, तरी पेरणी, उपणणी, मोट, जाते यांच्या शब्दांत त्यांनी जी जीवनदृष्टी मांडली तिच्यासाठी त्यांना कुठल्याही ग्रंथाकडे जावे लागले नाही. १९६० साली उद्धव शेळके यांची ‘धग’ आली, एका शिंपी कुटुंबाची वाताहत वऱ्हाडी बोलण्यातून दाखवणारी. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, आणि इथे तो जुना प्रश्न उघड विचारला गेला: वाचकाला हे शब्द कळणार कसे? प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाच त्यांतले कित्येक शब्द कळले नव्हते. या कविता ज्या वस्तीतून आल्या तिथे ते ढसाळांबरोबर हिंडले, शब्द विचारून घेतले आणि तसे प्रस्तावनेत लिहिले. मराठी रंगभूमीवरचा एवढा मोठा शब्दप्रभू आपल्याच शहरातल्या एका मोहल्ल्यातली भाषा विचारून घेतो, यात त्यांचा मोठेपणा आहे. आणि दुर्बोधतेच्या आक्षेपाचे उत्तरही तिथेच मिळते. वाचकाला शब्द अडतो तेव्हा त्याला एक जग अडलेले असते. ‘धग’ वाचणाऱ्या पुण्याच्या वाचकाला पहिली काही पाने जड जातात, मग कौतिकचे बोलणे त्याच्या कानात बसते. शब्दाचा अर्थ त्याला प्रसंगातून कळतो, जसा तो लहानपणी घरात कळला होता.

यावर कोणी म्हणेल, पेंडसे कोकणातले, शेळके वऱ्हाडातले, ढसाळ त्याच वस्तीत वाढलेले. त्यांना हे शब्द जन्माने मिळाले. ज्याच्या वाट्याला असे जग आले नाही त्याने काय करावे? त्याने मारुती चितमपल्लींचे आयुष्य पाहावे. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरात जन्मलेला हा माणूस वनखात्याच्या नोकरीत विदर्भातल्या जंगलांत गेला, आणि तिथल्या आदिवासींकडून, ढिवरांकडून, पारध्यांकडून पक्ष्यांची, झाडांची, माशांची, वाऱ्यापाण्याची नावे वर्षानुवर्षे टिपत राहिला. ‘पक्षीकोश’ आणि ‘रानवाटा’ एकाच टिपणांतून आले आहेत. कोणता कोश आणि कोणते ललित, यांच्यामध्ये त्यांच्या बाबतीत रेघ ओढणे कठीण. बगळ्यांच्या वीणवसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार हे शब्दही त्यांनी रूढ केले. ते घडीव आहेत, पण ज्याने त्या वसाहती पावसापाण्यात उभे राहून पाहिल्या त्याने ते घडवले. शब्दसंग्रह जन्माने मिळालाच पाहिजे असे नाही. नम्रपणे विचारण्याची तयारी आणि अनेक वर्षे त्यासाठी लागतात, एवढेच.

आणि असे विचारायला जाण्याच्या जागा आज संपलेल्या नाहीत. बलुतेदारी मोडली, मोटा गेल्या, गिरण्या पाडल्या गेल्या, म्हणून कामाची भाषाच आटली, असे समजणे चुकीचे आहे. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा पुरवणी विभाग १९५० साली निघाला. त्याच सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. नंतरच्या दशकांत सहकारी कारखानदारी पसरली आणि बीड-नगरसारख्या भागांतून लाखो माणसे दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागली. त्या धंद्याची स्वतःची मराठी आहे. तोडणारे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ती उचल. कामावर न गेलेल्या दिवसाची कापणी तो खाडा. हा व्याप वाढला तोवर दात्या-कर्व्यांचे काम संपलेले होते, आणि त्यांच्यासारखा धंद्यांच्या खुणा लावत निघालेला कोणी त्या फडांवर गेल्याचे दिसत नाही. पतीपत्नीची गणती एका अवजाराच्या नावाने करणारी ही भाषा ज्या लेखकाच्या कानावर पडेल, त्याला विषय शोधत बसावे लागणार नाही. असेच शब्द भिवंडीच्या यंत्रमागांवर आहेत, ससून गोदीत पहाटे मासळी सोलणाऱ्या बायकांपाशी आहेत, लासलगावच्या कांद्याच्या लिलावात आहेत, आणि मोटारसायकलवरून घरोघर डबे पोहोचवणाऱ्या पोरांच्या तोंडी रोज नवे तयार होत आहेत. कोणत्याही कोशात त्यांच्यापुढे अजून कंस लागलेला नाही.